रस्त्याखालचे बोअरिंग : न दिसणाऱ्या वाटेवरील सुरक्षितता

रस्ता न खोदता त्याच्या पोटातून केबल किंवा नळ पलीकडे नेण्याच्या कामाला सरसकट 'बोअरिंग' म्हटले जाते. कडेला तिरपे उभे केलेले यंत्र, शेजारी चिखलपाण्याची टाकी आणि हातातले उपकरण जमिनीकडे धरून डांबरावरून पावलापावलाने चालणारा एक माणूस, एवढाच त्याचा दिसणारा भाग असतो. चर नाही, धूळ नाही, वाहतूकही बहुधा चालूच. त्यामुळे हे काम खोदकामापेक्षा निर्धोक वाटते. प्रत्यक्षात उघड्या चरातील मजुराला कुदळ मारण्यापूर्वी समोरचे दिसते. बोअरिंगमध्ये हत्यार जेथे चालू असते तेथे कोणाचाच डोळा पोहोचत नाही. या कामातील बहुतेक मोठ्या अपघातांचे मूळ या आंधळेपणात आहे आणि सुरक्षिततेचे बहुतेक नियमही त्यावरचा उतारा म्हणूनच घडले आहेत.

गोव्यात या कामाची व्याप्ती गेल्या काही वर्षांत वाढली आहे. वीज खात्याच्या वाहिन्या भूमिगत होत आहेत, दूरसंचार कंपन्यांच्या ऑप्टिकल फायबर केबल गावोगावी पोहोचल्या आहेत, शहरांत व त्यांच्या आसपास नळाने नैसर्गिक वायू पुरवला जाऊ लागला आहे. पाण्याचे नळ आणि काही शहरांतील मलवाहिन्या तर आधीपासूनच आहेत. येथील रस्ते अरुंद. कुंपणाची भिंत आणि डांबर यांच्यामध्ये राहते ती दोन-चार हातांची पट्टी, आणि साऱ्या सेवा त्याच पट्टीत एकमेकींना खेटून जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारनजीक मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा पणजीसह तिसवाडी व फोंडा तालुक्यांत अनेक दिवस नळ कोरडे राहिले. ती घटना बोअरिंगमुळे नव्हे, तर जमीन खचल्याने घडली होती. मात्र रस्त्यालगतच्या एका नळावर किती घरे अवलंबून असतात, याची जाणीव तिने करून दिली.

यंत्र काय करते

आज सर्वाधिक वापरली जाते ती दिशा बदलता येणाऱ्या आडव्या ड्रिलिंगची पद्धत. कंत्राटदारांच्या बोलीत ती 'एचडीडी'. १९७१ साली कॅलिफोर्नियातील पाहारो नदीच्या तळाखालून मार्टिन चेरिंग्टन यांनी ४ इंची पोलादी वायुवाहिनी नेली, तेव्हापासून या पद्धतीचा इतिहास मोजला जातो.

काम तीन टप्प्यांत होते. प्रथम पोलादी दांडे एकाला एक जोडत बारीक मार्गदर्शक छिद्र पाडले जाते. टोकाचे पाते तिरके असते. ते फिरवत ढकलले तर सरळ जाते, न फिरवता ढकलले तर तिरप्या बाजूच्या अंगाने वळते. पात्यामागे एक लहान ट्रान्समीटर बसवलेला असतो. वर चालणारा माणूस 'लोकेटर' या उपकरणाने त्याची जागा, खोली आणि कल टिपतो व यंत्रचालकाला सांगतो. दुसऱ्या टप्प्यात पलीकडच्या टोकाला पात्याऐवजी रुंद 'रीमर' लावून तो मागे ओढतात. छिद्र सामान्यतः नळाच्या व्यासाच्या दीडपट केले जाते. तिसऱ्या टप्प्यात नळ ओढून घेतला जातो. या सर्व वेळ बेंटोनाइट या चिकणमातीचे पाणी दाबाने आत सोडलेले असते. कापलेली माती ते बाहेर आणते आणि छिद्राच्या भिंतीही धरून ठेवते.

मोठ्या व्यासाचे नळ दिशा न बदलता सरळ ढकलायचे असतील तर ऑगर यंत्र वापरतात. उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्यात अडकलेल्या ४१ कामगारांपर्यंत पोहोचण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये याच जातीचे यंत्र लावले होते. एरवी रस्ते आणि लोहमार्गांखालून नळ नेणारे हे यंत्र साऱ्या देशाने तेव्हा दूरचित्रवाणीवर पाहिले. ढिगाऱ्यात दडलेल्या लोखंडी चौकटींत त्याचे पाते अडकून तुटले आणि शेवटचे काही मीटर माणसांनी हाताने खणले. समोर काय आहे हे यंत्राला कळत नाही, याचे याहून ठळक उदाहरण शोधायला नको.

आधी शोध, मग खड्डा

काम सुरू होण्यापूर्वीचा पहिला प्रश्न एकच : या वाटेवर आधीच काय आहे? त्याचे उत्तर कागदावर मिळवण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने कामाची जागा कळवायची आणि तेथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी उत्तर द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. असंघटित खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारने सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या दूरसंचार पायाभूत सुविधांच्या सुरक्षेच्या नियमांनी अशी पूर्वसूचना बंधनकारक केली.

ॲपवर हरकत आली नाही म्हणजे जमीन मोकळी आहे, असा अर्थ मात्र होत नाही. ज्यांनी आपल्या वाहिन्यांची नोंद केली आहे त्यांचेच उत्तर येते. वीस वर्षांपूर्वी टाकलेला पंचायतीचा नळ, एखाद्या घरमालकाने रस्ता ओलांडून नेलेली पाण्याची जोडणी, जुना बांधीव नाला यांची नोंद कोणत्याच ॲपवर नसते. ती साबांखाच्या जुन्या कर्मचाऱ्याच्या किंवा वाड्यावरच्या एखाद्या वयस्क माणसाच्या आठवणीत असते. त्यांना विचारून घेणारा पर्यवेक्षक अनुभवी समजावा.

शोधयंत्रांनाही मर्यादा आहेत. विद्युतचुंबकीय लोकेटर धातूची वाहिनी शोधतो. प्लॅस्टिकचा नळ त्याला दिसत नाही, आणि आजचे वायू व पाण्याचे बरेचसे नळ पॉलिथिलीनचेच असतात. नळासोबत तांब्याची तार पुरलेली असेल तरच त्याचा माग लागतो. जमिनीत लहरी सोडणारे रडार प्लॅस्टिकही दाखवू शकते, परंतु ओल्या चिकणमातीत आणि खाऱ्या जमिनीत त्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. मांडवी-जुवारीकाठच्या खाजनाच्या भरावावर वसलेल्या भागांत म्हणूनच रडारच्या कोऱ्या पडद्यावर विसंबता येत नाही.

शेवटी उरतो तो सर्वांत साधा, सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा उपाय : चाचणी खड्डा. नियोजित वाट जिथे जिथे एखाद्या वाहिनीला छेदते तिथे तिथे हाताने अथवा माती शोषणाऱ्या यंत्राने खड्डा घेऊन ती वाहिनी डोळ्यांनी पाहायची, तिची खोली पट्टीने मोजायची आणि ड्रिलचे टोक तिच्याजवळून जाताना त्या खड्ड्यात प्रत्यक्ष बघायचे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वाहिनीच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना १८ ते २४ इंचांचा पट्टा हा सावधगिरीचा मानला जातो व त्यात यंत्राने खोदू दिले जात नाही, कारण वरची खूण आणि खालची वाहिनी यांत तेवढा फरक असू शकतो.

खड्डा मार्गदर्शक छिद्र पार होताच बुजवणे ही नेहमीची चूक. अंतराचा हिशेब साधा आहे. ११० मिलिमीटर व्यासाचा वायुनळ आणि नवे छिद्र यांच्या मध्यांत ३०० मिलिमीटर अंतर आहे असे धरू. १०० मिलिमीटरचे मार्गदर्शक छिद्र पडताना दोहोंत १९५ मिलिमीटर माती उरते आणि सारे सुखरूप वाटते. त्याच वाटेने ४०० मिलिमीटरचा रीमर मागे येतो तेव्हा उरते फक्त ४५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटांची माती. नळ ओढून पूर्ण होईपर्यंत खड्डा उघडा ठेवायचा आणि त्यावर माणूस बसवायचा, हा नियम या हिशेबातून आला आहे.

लोकेटरच्या आकड्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. काँक्रीटच्या रस्त्यातील सळ्या, शेजारची वीजवाहिनी किंवा लोखंडी कुंपण यांमुळे खोलीचे वाचन चुकते. म्हणून प्रत्येक दांड्यागणिक खोली लिहून ठेवतात आणि दोन लगतच्या नोंदींचा मेळ बसत नसेल तर काम थांबवतात. शिवाय हा लोकेटर घेऊन चालणारा माणूस यंत्राच्या मागे सुरक्षित उभा नसतो. तो भर रस्त्यात, नजर खाली लावून चालत असतो. त्याच्यासाठी निदान एक मार्गिका बंद करणे आणि झेंडीवाला उभा करणे आवश्यक असते. रस्ता बंद करावा लागत नाही हे बोअरिंगचे मोठे आकर्षण, त्यामुळे नेमके हेच राहून जाते.

नळाला धक्का लागल्यावर

१९ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात फायबर केबलसाठी बोअरिंग चालू असताना ड्रिलने भूमिगत वायुनळ फोडला. वास पसरला, संबंधित यंत्रणा घटनास्थळी आल्या. सुमारे तासाभराने जवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये साचलेल्या वायूचा स्फोट झाला. तेथे काम करणारी एक स्त्री मरण पावली आणि अनेक जण जखमी झाले. विस्कॉन्सिन राज्यातील सन प्रेअरी गावात १० जुलै २०१८ रोजी जवळजवळ तसेच घडले. बोअरिंगने वायुनळ फुटला आणि तासाभराच्या आत स्फोटाने गावाचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्यात मृत्यू झाला. मात्र दलाने तोवर आसपासच्या इमारतींतून शंभराहून अधिक लोकांना बाहेर काढले होते.

या दोन्ही घटनांत नळ फुटल्यापासून स्फोट होईपर्यंत बराच वेळ मिळाला होता. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर तो वर जाऊन विरतो. वर डांबराचे झाकण असेल तर तो जमिनीतून आडवा सरकतो आणि गटारांतून, केबलच्या नळकांड्यांतून, जोत्याखालून घरांत शिरतो. मातीतून जाताना त्यात मिसळलेला वासही कमी होऊ शकतो. म्हणून फुटलेला नळ मातीने बुजवणे ही सर्वांत घातक प्रतिक्रिया ठरते. यंत्र आणि जवळपासची सर्व इंजिने बंद करायची, दांडा ओढून काढण्याचा प्रयत्न करायचा नाही, वाऱ्याच्या उलट दिशेने लोकांना दूर न्यायचे, आणि वायू कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकासह ११२ किंवा १०१ वर कळवायचे. त्याचबरोबर शेजारच्या घरांचे व दुकानांचे दरवाजे ठोठावून माणसे बाहेर काढायची. विजेचे बटण दाबायचे नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. कंत्राटदाराच्या माणसांना हे ठाऊक नसेल तर पहिल्या पंधरा मिनिटांत ते इतर कोणीही करणार नसते.

वर्षांनंतर होणारा अपघात

याहून फसवा प्रकार म्हणजे नवा नळ एखाद्या मलवाहिनीच्या आरपार जाणे. मातीची किंवा सिमेंटची मलवाहिनी ड्रिल सहज भेदते. यंत्रचालकाला झटका जाणवत नाही, गळती होत नाही, काम वेळेत संपते. वायुनळ मलवाहिनीच्या पोटातून आडवा गेलेला असतो आणि वर कोणालाच त्याचा पत्ता नसतो. काही महिन्यांनी अथवा वर्षांनी तेथे घाण अडते, सफाईसाठी माणूस येतो, फिरत्या पात्यांची साखळी आत सोडतो आणि ती अडथळा समजून वायुनळ कापते. वायूला घरापर्यंत जाणारी तयार वाट मिळते. १९७६ साली विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे अशाच स्फोटात एक घर उद्ध्वस्त होऊन दोघांचा बळी गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्याचा तपास केल्यापासून हा धोका सर्वज्ञात आहे.

त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे बोअरिंगच्या वाटेवरील मलवाहिन्यांतून आधी व नंतर कॅमेरा फिरवणे. गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील असंख्य घरांचे सांडपाणी अजून सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यात जाते. त्यांना जोडणाऱ्या नळांचा आराखडा कोणत्याही खात्याकडे नसतो. तो घराच्या मालकालाच विचारावा लागतो. जेथे वायुनळ आणि नवी मलनिस्सारण योजना अशी दोन्ही कामे एका रस्त्यावर मागेपुढे होतात, तेथे नंतर येणाऱ्याने आधीच्याच्या नोंदी मागून घेणे अनिवार्य समजले पाहिजे.

जांभा, चिखल आणि विहिरी

गोव्याच्या पठारी भागात वर जांभा दगड असतो. तो कठीण, पण पोकळ्यांनी भरलेला असतो. त्याखाली बहुतेक ठिकाणी पाणी लागताच लगदा होणारी मऊ माती असते. जांभ्याच्या पोकळीत बेंटोनाइटचे पाणी निघून जाते आणि तोंडाशी परत येणारा प्रवाह बंद होतो. तो बंद होणे हीच धोक्याची खूण आहे. अशा वेळी दाब वाढवून पुढे रेटले तर तो चिखल भलतीकडे वर येतो. कधी डांबराला फुगवटा येतो, कधी शेतात चिखल दिसतो, कधी शेजारच्या विहिरीचे पाणी गढूळ होते. बेंटोनाइट विषारी नाही, परंतु त्याचा बारीक गाळ पाण्यातील जिवांना आणि विहिरीच्या झऱ्यांना हानी पोहोचवू शकतो. चिखल नाल्यात न सोडता टँकरने उचलून न्यायचा असतो.

मऊ मातीत उलट प्रकार घडतो. छिद्राची भिंत ढासळते, अपेक्षेपेक्षा अधिक माती बाहेर येते आणि डांबराखाली पोकळी तयार होते. त्या दिवशी वर काहीच दिसत नाही. पहिल्या पावसानंतर एखाद्या जड वाहनाखाली रस्ता खचतो आणि तोवर कंत्राटदार पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. राष्ट्रीय महामार्ग ओलांडणाऱ्या वाहिन्यांसाठीच्या अटींत वाहिनीचा माथा रस्त्याच्या पृष्ठापासून किमान १.२ मीटर खाली असावा असे म्हटले आहे. एचडीडीत जमीन कच्ची असेल किंवा छिद्र मोठे असेल तर त्याहून खोल जावे लागते. एखादे छिद्र मध्येच दगड लागल्याने सोडून दिले तर ते सिमेंटच्या घोलाने भरले पाहिजे. सोडलेल्या छिद्राचे पैसे कोणी देत नाही, म्हणून ते भरण्याचे काम राहून जाते.

यंत्राजवळची माणसे

ड्रिल ११ किंवा ३३ केव्हीच्या केबलला लागले तर यंत्राचा सांगाडा आणि भोवतालची जमीन दोन्ही विजेने भारली जातात. चालकाने अशा वेळी यंत्रावरच बसून राहायचे, यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ द्यायचा नाही. आग लागल्यामुळे उतरावेच लागले तर दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जमिनीवरून न उचलता, लहान सरपटत्या पावलांनी दूर जायचे, कारण दोन पावलांमधील अंतरातही प्राणघातक दाब असू शकतो. वीजवाहिनी बंद झाल्याची खात्री तिच्या मालकाने दिल्याखेरीज कोणी जवळ जायचे नाही. चांगल्या यंत्रांवर विजेचा स्पर्श होताच वाजणारी सूचनाघंटा असते. ती रोज तपासायची असते.

पलीकडच्या टोकाचा धोका फारसा बोलला जात नाही. तेथे एक-दोन मजूर पाते काढून रीमर बसवत असतात, हातात मोठा पाना असतो आणि यंत्र शंभर मीटर दूर, नजरेआड. चालकाने गैरसमजाने दांडे फिरवले तर पाना किंवा कपडा त्यात गुरफटून हात जातो, प्रसंगी जीवही जातो. यावर उपाय म्हणजे टोकाशी असलेल्या माणसाच्या हाती यंत्र थांबवणारे कुलूप देणे आणि बिनतारी संचावर त्याने उलट सांगितल्याखेरीज दांडा न हलवणे. मोबाईलवर 'चालू कर' एवढे ऐकू आले, ही खात्री नव्हे.

खड्ड्यांचा नियम जुना आणि स्पष्ट आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या केंद्रीय नियमांनुसार, कामगाराच्या पायापासून दीड मीटरहून उंच असलेल्या मातीच्या बाजूला आधार दिला पाहिजे. मोठ्या नळात माणसाने रांगत शिरून हाताने माती काढण्याची पद्धतही देशात काही ठिकाणी आढळते. तेथे हवेची तपासणी, बाहेर थांबलेला सोबती आणि दोरी यांविना कोणालाही आत पाठवणे म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणे आहे. पावसाळ्यापूर्वी खोदकामे उरकण्याची जी घाई एप्रिल-मे महिन्यांत उडते, तिच्यात सर्वांत आधी याच गोष्टींना कात्री लागते.

काम संपल्यावर

उघड्या चरात केबल टाकताना तिच्यावर विटा किंवा रंगीत पट्टी अंथरतात. पुढे कोणी खोदले तर कुदळीला आधी ती लागते. बोअरिंगने गेलेल्या वाहिनीवर अशी कोणतीच पट्टी नसते. शिवाय ती सरळ रेषेत नसते. दोन टोकांना उथळ आणि मध्ये खोल असा तिचा बाक असतो, आणि अडथळा चुकवताना ती आडवीही वळलेली असते. रस्त्याच्या दोन्ही कडांना रोवलेल्या खुणेच्या दगडांना जोडणारी काल्पनिक रेषा म्हणजे वाहिनी, असे समजणारा पुढचा कंत्राटदार म्हणूनच फसतो. प्रत्येक दांड्यागणिक लिहिलेल्या खोलीच्या नोंदी, अक्षांश-रेखांश आणि चाचणी खड्ड्यांची मापे असलेला अंतिम आराखडा वाहिनीच्या मालकाकडे, रस्त्याच्या मालकाकडे आणि 'कॉल बिफोर यू डिग'वर पोहोचल्याखेरीज देयक मंजूर करू नये. ही अट निविदेतच घालता येते.